मूठभर तणस

मला राग पटकन येतो, आणि भीती वाटली की त्याहून पटकन येतो. रुचिता पहिल्यांदा सायकलवरून पडली तेव्हा मी आधी सायकलीला शिव्या घातल्या, मग रस्त्याला, आणि मग तिला उचललं. घरात हे सगळ्यांना पाठ आहे. मी आवाज चढवला की माझे सासरे, चिंधू मामाजी, पेपरमधून मान वर न काढता म्हणतात, "भेली वाटते रक्षा."

त्यामुळे रॉकेटचं खोकं घरी आलं तेव्हा मी ओरडले यात कोणाला नवल वाटलं नाही. नवव्या वर्गातल्या रुचिताने विज्ञान प्रदर्शनात नंबर काढला म्हणून तिच्या बापाने ते मागवलं होतं. जीवन वरठीच्या कारखान्यात कामाला आहे, निम्मा वेळ ड्यूटीवर. खोकं मागवून तो मोकळा झाला, आणि घरात बारूद माझ्या डोक्यावर. आत पुठ्ठ्याची लांब नळी होती, पातळ लाकडाचे तीन पंख, प्लास्टिकचं नाकाडं, नारिंगी पॅराशूट आणि अंगठ्याएवढ्या जाड तीन कागदी मोटरी. मोटर म्हणजे काय, तर दाबून भरलेली बारूद.

"खरं रॉकेट नाही वो आई, छंदाचं हाय," रुचिता म्हणाली.

"छंदाची बारूद जळत नाही का?" मी म्हटलं.

मामाजी जवाहरनगरच्या बारुदीच्या फॅक्टरीतून रिटायर होऊन अकरा वर्षं झाली, पण अजून दारातून आत येताना खिसे चाचपतात. आगपेटी चुकून राहू नये म्हणून. ते असताना काही भलतं होणार नाही असं मला वाटलं. त्यांनी सोबतची पुस्तिका रुचिताकडून दोन संध्याकाळी ओळीओळीने वाचून घेतली, वहीच्या पानावर एकवीस कामांची यादी केली आणि पान खिळ्याला टांगलं. मोटरी डब्यात, डबा त्यांच्या पेटीत, पेटीची किल्ली त्यांच्या करदोड्याला. एकेक काम झालं की ते स्वतः खूण करत.

मी गावात ब्लाऊज शिवते. पॅराशूटच्या दोऱ्यांचा पहिल्याच दिवशी गुंता झाला, तेव्हा ते घडी करून नळीत बसवायचं काम माझ्याकडे आलं. शनिवारी संध्याकाळी रुचिताने समजावलं, "आई, त्या पुडीत सहा कागद हायेत. एकेक चुरगळून आधी नळीत भरायचे, त्यावर पॅराशूट." आणि ती मैत्रिणीकडे, खुशबूकडे, अभ्यासाला गेली.

मी पुडी उघडली. आत दोनच कागद.

बाकीचे चार कुठे गेले हे मला लगेच कळलं. गुरुवारी बचत गटाच्या बाया आल्या होत्या. टेबलावर मऊ, पांढरट कागद दिसले, हॉटेलात हात पुसायला देतात तसे. मी त्या कागदांवर चिवडा वाढला आणि नंतर केरात टाकले. हे सांगून टाकायला काहीच हरकत नव्हती. पण त्याच गुरुवारी सकाळी रॉकेटचा एक पंख पलंगाखाली सापडला म्हणून मी रुचिताला चांगलं अर्धा तास झापलं होतं. वस्तू सांभाळता येत नाही, बापाच्या कष्टाची किंमत नाही, सगळं. आता कोणत्या तोंडाने सांगू? नवीन कागद यायला दहा दिवस लागले असते, आणि उद्या उडवायचं म्हणून तिने शाळाभर सांगून ठेवलं होतं.

कागद भरायचे म्हणजे आतली पोकळी भरायची, एवढंच मला समजलं. आमच्याकडे पोकळी भरायची तर तणस असते, धानाचा वाळका पेंढा. अंडी तणशीत, आंबे तणशीत, काचेचं सामान तणशीत. मी शेजारच्या गोठ्यातून मूठभर तणस आणली, तळहातावर चोळून मऊ केली, नळीत दाबली, वरून दोन कागद आणि त्यावर पॅराशूट. असं झकास बसलं की मला स्वतःचं कौतुक वाटलं.

रविवारी सकाळी मामाजींनी यादी हातात घेऊन विचारलं, "कागद सहा?"

"हो जी," मी म्हटलं. त्यांनी खूण केली.

नोव्हेंबर संपत आला होता. धान कापून झालं होतं आणि बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वाफ्यांमध्ये, जागोजागी पुंजणी उभी होती. धानाचे भारे, लोंब्या आत आणि बुडखे बाहेर करून, गोल रचत रचत घराएवढी रास करतात, मळणीचं मशीन येईपर्यंत. तेवढे दिवस वर्षाचं खाणं उघड्यावर असतं. पिढ्यानपिढ्या बिडी ओढणारी माणसंही या दिवसांत बांधीत बिडी पेटवत नाहीत.

आमच्या रिकाम्या बांधीपासून सगळ्यात जवळचं पुंजणं पुंडलिकरावांचं, पूर्वेला, दोन बांध्या सोडून. मामाजींनी मूठभर कोंडा वर उडवून पाहिला. वारा पश्चिमेला, बोडीकडे जात होता. पाण्याच्या दिशेने. "बराबर हाय," ते म्हणाले. दोन बादल्या पाणी, ओलं गोणपाट, सगळं त्यांनी मांडून ठेवलं. चार वाजता दहा-बारा पोरंपोरी जमली. रुचिताने सळई जमिनीत रोवली, रॉकेट तिच्यावर ओवलं, तारा जोडल्या आणि पंधरा पावलं मागे येऊन बटणाचा डबा हातात घेतला. मग तिने खुशबूला आणि बाकीच्यांना समजावून सांगायला सुरुवात केली. माझी पोरगी बोलायला लागली की बाईंसारखी बोलते. मी कौतुकाने ऐकत होते.

"खालची बारूद जळते, रॉकेट वर जाते. मग थोडा वेळ काहीच नाही. मग मोटरच्या वरच्या टोकाले अजून थोडी बारूद असते, ते नळीच्या आतमधी फुटते. त्याच्यानं नाकाडं उडते आणि पॅराशूट बाहेर. ती आग पॅराशूटले लागू नये म्हणून मधात न जळणारा कागद असतो."



आतमध्ये फुटते. आणि आत मी तणस भरली आहे, वाळलेली, चोळून मऊ केलेली, चुलीत पहिली काडी लागताच पेटते ती. मी सळईवरच्या त्या रॉकेटकडे पाहिलं. पांढरं, नीटनेटकं, बाजूला रुचिताने निळ्या रंगाने स्वतःचं नाव लिहिलेलं. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, थांब. एवढंच करायचं होतं. पोरंपोरी उभी होती, मामाजी यादी हातात धरून उभे होते, पुंडलिकरावांचा कैलाश मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. दोन कागद तर आहेतच ना, मी मनाशी म्हटलं. वारा बोडीकडे आहे. सगळं पाण्यात पडेल.

"पाच," पोरं ओरडायला लागली. "चार."

मी, जी दूध उतू गेलं तरी गल्ली डोक्यावर घेते, ती गप्प राहिले.   मला आजही तो वेळ आठवला की वाटतं, कोणीतरी माझ्याकडे नुसतं पाहिलं असतं तरी मी बोलले असते. कोणी पाहिलं नाही.

फुस्स असा मोठा आवाज झाला आणि सळई रिकामी दिसली. रॉकेट वर गेलं, पण सरळ नाही. वारा ज्या बाजूने येत होता त्या बाजूला तोंड करून ते पूर्वेला झुकत गेलं. ते तसं झुकतं, असं पुस्तिकेत होतं म्हणे. कोंड्याने ते सांगितलं नव्हतं. वर, पार वर, टप असा बारीक आवाज झाला, आणि नारिंगी पॅराशूट उघडलं. पोरांनी एकच गिल्ला केला. पॅराशूट वाऱ्यावर परत फिरून बोडीकडे निघालं आणि सगळेच्या सगळे त्याच्या मागे पळाले. मामाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, लांबचं दिसत नाही. ते नुसते आवाजाच्या दिशेने हसत होते.

पॅराशूट जिथे उघडलं त्याच्या खाली मला धुराच्या बारीक रेघा दिसल्या. तीन असतील, चार असतील. त्या बोडीकडे गेल्या नाहीत. सरळ खाली आल्या, पुंडलिकरावांच्या पुंजण्यावर.

मी पळाले. चप्पल दोन बांध्यांमधल्या पहिल्याच धुऱ्यावर निघाली, धसकटं पायात घुसत होती, काही कळत नव्हतं. पुंजण्याच्या बुडाशी एक काळा गुच्छ पडला होता, टोकाला लाल. मी तो मातीत दाबला. दुसरा धुऱ्याच्या उतरणीवर, तोही दाबला. मग पुंजण्याभोवती फिरले. एक फेरी, दोन, तीन. माझ्या डोक्याच्या दुप्पट उंच ते उभं होतं आणि वरचं मला काहीच दिसत नव्हतं. मी बुडख्यांवर तळहात ठेवून पाहिला. गरम लागलं. पण दिवसभराच्या उन्हाने ते गरमच असणार. मी नाक लावून वास घेतला. जळका वास आला. पण तो माझ्या बोटांचाही होता. कान लावला तर वाळल्या धानात काहीतरी बारीक चुरचुरत होतं. उंदीर असेल, किडा असेल, नाहीतर दुसरं काही.

"काय वो रक्षा, काय हरपलं?"

पुंडलिकरावांची बायको, गोदावरीबाई, मागच्या बांधीत लाखोरीची भाजी खुडत होती. ओच्यात पाला धरून ती जवळ आली.

"रॉकेटचं टोपण पडलं जी काकू," मी म्हटलं. इतक्या सहज म्हटलं की माझं मलाच कळलं नाही.

"अवो मंग दोघी पाहू ना." आणि ती म्हातारी वाकून, एक हात कमरेवर ठेवून, जे हरवलंच नव्हतं ते शोधायला लागली. शोधता शोधता बोलत होती. बुधवारी मशीन येणार. यंदा लोंबी भरली आहे. काकाजींच्या, म्हणजे पुंडलिकरावांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं तरी पुंजणं त्यांनी कोणाला रचू दिलं नाही, वरचे थर स्वतः बसवले. "पह्यला नवा भात शिजला का रुचिताले धाडजो. तिले आवडते." मी हो हो म्हणत होते आणि वर बघत होते.

तेवढ्यात रुचिता पळत आली. हातात रॉकेट, गळ्याला पॅराशूट, चेहरा नुसता फुललेला. मागून मामाजी काठी टेकत.

"आई, पाह्यलं का तू? पाह्यलं का?" मग ती थांबली. "पण हे पाह्य ना." पॅराशूटला चार भोकं होती, वितळलेल्या काठांची. आणि नळीच्या तोंडात एक काळी काडी अडकली होती.

"काय दाखवून राहिली मले? फेक ते तिकडे! घरी चाल!" मी इतकी ओरडले की गोदावरीबाई ताठ उभी राहिली.

"भेली वाटते," मामाजी हसत म्हणाले. मग त्यांनी नळी हातात घेतली, आत बोट घातलं, बोट नाकाशी नेलं, आणि त्यांचं हसू गेलं. माझ्याजवळ येऊन ते हळूच म्हणाले, "तणस हाय. किती होती?"

"मूठभर."

"सापडली किती?"

"दोन गुच्छे."

रुचिता आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. पोरगी हुशार आहे. तिला काही समजवावं लागलं नाही.

"मामाजी, धूर तर कुठी दिसत नाही," मी त्यांचा हात धरला. "थोडं थांबू. वाटलं तर मग सांगू. उगाच..."

"बाई, पुंजणं आतमधून धुमसते," ते म्हणाले. "धूर बाहेर दिसला का मंग वाचवाले काही उरत नाही." आणि त्यांनी गोदावरीबाईला हाक मारली, "वैनी, पुंडलिकले बोलवा. कैलाशले म्हणा, फवारणीचा पंप भरून आण."

पुंडलिकराव गुडघ्याला पट्टा बांधलेले, लंगडत आले. मामाजींनी काही लपवलं नाही, फक्त नाव घेतलं नाही. आमच्या रॉकेटातून जळती तणस तुमच्या पुंजण्यावर पडली, खोलून पाहा लागते. काकाजींनी पुंजण्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. उन्हं उतरत होती.

"धूर कुठी हाय?"

"आतमधी असन त?"

"आतमधी असन आणि खोललं, त हवा लागून भडकन ना! आणि नसन, त माही रचाई फुकट. वरून पाणी मारलं त धान काळं पडन." त्यांचा आवाज चिरकला. मी त्यांना पंधरा वर्षं ओळखते. असा आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता. तो रागाचा नव्हता. माझ्यासारखाच तो माणूसही घाबरला की ओरडतो, हे मला तेव्हा कळलं.

"ठेवाचं का मंग तसंच?" मामाजींनी विचारलं.

काकाजींनी शिडी मागवली. पट्टा बांधलेला पाय ओढत स्वतः वर चढले. कैलाश पाठीवर पंप घेऊन खाली, हातात नळी तयार. मामाजींकडे ओलं गोणपाट. काकाजी वरून एकेक भारा काढून खाली देत, मी घेत असे, रुचिताकडे देत असे, ती तो चाचपून पाहून गोदावरीबाईकडे. प्रत्येक भारा हातात येताना मला वाटे, हाच. आता पेटेल. काकाजी वर आहेत, खाली सगळं वाळलेलं, शिडी एकच. मी बुद्धवंदना म्हणायचा प्रयत्न केला आणि मला तिसऱ्या ओळीपुढे आठवेना. पहिला थर निघाला. काही नाही. दुसरा निघाला. काही नाही. माझ्या जिवात थोडा जीव आला. नसेलच काही, मी म्हटलं, नशिबाने विझलं असेल.

तिसऱ्या थरातला भारा हातात घेतला आणि तो गरम होता.

उन्हाचा नव्हे. भाकरीसारखा गरम. "काकाजी," मी म्हटलं. वर त्यांनी पुढचा भारा उचलला होता, आणि त्या जागेतून पांढऱ्या धुराचा लोट निघाला. मग वाटीएवढ्या काळ्या खळग्यात कडेकडेने लाल रेघ पळाली आणि हवा लागताच जीभभर ज्वाळ उठली. गोदावरीबाई किंचाळली. कैलाश नळी धरून शिडीवर चढत होता, पाणी आधी हवेत, मग बापाच्या पाठीवर गेलं. काकाजी उतरले नाहीत. त्यांनी मामाजींनी फेकलेलं गोणपाट झेललं, त्या खळग्यावर टाकलं आणि स्वतः त्यावर पालथे पडले, पोटाने दाबून. "मार पाणी! माह्यावर मार!" ते ओरडत होते. कैलाश मारत होता. रुचिताने दोन्ही हातांनी शिडी धरून ठेवली होती.

किती वेळ गेला कोण जाणे. धूर थांबला. काकाजींनी गोणपाट उचलून पाहिलं, हात घालून राख उकरून काढली, अजून दोन थर खोलले, मग खाली आले. शर्ट पोटाशी काळा झाला होता, एका तळहातावर फोड आला होता. ते जमिनीवर बसले. गोदावरीबाईने त्यांचे हात आपल्या पदरात धरले. काही भारे गेले, बाकी पुंजणं वाचलं. अजून अर्धा तास गेला असता तर काहीच वाचलं नसतं, हे कोणी बोललं नाही, पण सगळे तेच पाहत होते.

मग काकाजींनी मान वर केली. "पण तणस आली कुठून? कोणं भरली ते?"

"मी," रुचिता म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. माझा हात मात्र तिने घट्ट धरला होता. "कागद कमी पडले जी काकाजी. मले वाटलं चालते."

"तुले वाटलं?" काकाजी उठून उभे राहिले. "पोरी, तू एवढी शिकली! पुस्तक वाचून राहिली, नंबर काढून राहिली, आणि तुले तणस जळते हे समजत नाही? आजपासून माह्या बांधीत पाय टाकू नको. ते रॉकेट मोडून चुलीत घाल. आन तू, चिंधूभाऊ, तू बारूदीतला माणूस, आणि पोरीच्या भरवशावर राह्यला?"

मामाजी खाली मान घालून ऐकत होते. त्यांनीही नाव घेतलं नाही. दोघांनी मला झाकलं होतं, आणि झाकलं तसं राहू द्यायला मला काहीच करावं लागणार नव्हतं. नुसतं उभं राहायचं. मला गावात दुकान चालवायचं होतं, बचत गटाच्या बायांना तोंड दाखवायचं होतं. मी खरंच तो विचार केला. रुचिताचे डोळे भरले होते आणि ती ते पुसत नव्हती, कारण तिचा एक हात माझ्या हातात होता आणि दुसऱ्यात रॉकेट.

"तिनं नाही भरली जी," मी म्हटलं. "मी भरली. कागद मीच घालवले होते. मामाजींना मी खोटं सांगतलं." आणि मग जे कोणालाच माहीत नव्हतं, जे मी कधीच सांगितलं नसतं तरी चाललं असतं, तेही तोंडातून बाहेर पडलं. "आणि ते उडायच्या आधी मले समजलं होतं का हे पेटते. मी बोलली नाही."

काकाजींनी मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"आधी?" रुचिता म्हणाली. अगदी हळू. "आई, मी तिथीच होती. बटण माह्या हाती होतं. तुले आधी समजलं होतं?"

"हो."

तिने माझा हात सोडला.

ती पोटात होती तेव्हापासून मी तिच्यासाठी भीत आले. विंचवाला, तापाला, ट्रकला, बोडीच्या पाण्याला. माझ्यापासूनच तिला भय असेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

अंधार पडायच्या आत पुंजणं पुन्हा रचून झाकायचं होतं. काकाजी शिडीवर चढले. कैलाश मधे उभा राहिला, खाली गोदावरीबाई आणि रुचिता. मीही वाकून एक भारा उचलला आणि रुचितापुढे धरला. तिने तो घेतला नाही. बाजूचा दुसरा उचलला आणि मला वळसा घालून गोदावरीबाईकडे दिला. मग तिसरा. मी हातातला भारा घेऊन उभी होते, तो कुठे ठेवावा ते मला कळत नव्हतं.